खंडेनवमी : शस्त्राचे पाणी आणि शस्त्रावरचे पाणी

आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. 'खंडे' हा शब्द 'खड्ग' या शब्दाचाच मराठमोळा अवतार होय. या दिवशी घरातील तलवार, कट्यार, भाला, परवान्याची बंदूक पाटावर मांडून पूजावी, आणि ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नाही त्यांनी विळा, कोयता, अडकित्ता, कातर, शिवणयंत्र पूजावे, अशी आपल्याकडील चाल आहे. सुतार रंध्याला हळदकुंकू वाहतो, लोहार घणाला. गृहिणी विळीला, म्हणजे आपल्याकडच्या पावशीला, फूल वाहिल्यावाचून त्या दिवशी भाजी चिरीत नाही. लोखंडाविषयी इतकी कृतज्ञता बाळगणारा सण दुसरा नाही.

परंतु या कृतज्ञतेची रीत मात्र अलीकडे लोखंडाच्या जिवावर उठली आहे, असे मोठ्या खेदाने म्हणावे लागते. नवरात्रात कीर्तनाच्या निमित्ताने रामटेक, उमरेड, भंडारा, नागपूर अशा गावी अनेक घरांतून जाण्याचा योग या लेखकाला वर्षानुवर्षे येत आहे. जेथे पूर्वजांची तलवार आहे तेथे यजमान ती मोठ्या अभिमानाने दाखवितात. नवमीच्या सकाळी तिला चिंच व राख लावून घासतात, मग तांब्याने पाणी घालतात, त्यावर दूध, दही, तूप, मध, साखर यांचे पंचामृत, पुन्हा पाणी, मग ओले गंध, हळदकुंकू आणि दवाने भिजलेल्या झेंडूची माळ. पात्यावर नारळ फोडतात, लिंबू कापतात, क्वचित कोहळाही. दशमीला सोने लुटून झाले की तीच तलवार, तशीच, म्यानात जाते आणि पुढच्या नवमीपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. वर्षाने उपसू जावे तर पाते निघता निघत नाही. निघालेच तर तांबडा भुगा सांडत निघते. तीन पिढ्यांपूर्वी ज्यावर अक्षरे वाचता येत होती त्या पात्यावर आज नुसते खड्डे आहेत. शत्रूच्या वाराने हे झाले नाही. आपल्या पूजेने झाले.

आपल्या ग्रंथांत शस्त्र आणि पाणी यांविषयी काय सांगितले आहे ते आता पाहू.

महाभारताच्या विराटपर्वातील शमीवृक्षाची कथा आबालवृद्धांस ठाऊक आहे. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीबाहेर स्मशानालगतच्या शमीवर ठेवली. त्या शमीची आठवण म्हणून आपण दशमीला तिचे पूजन करतो. कथेकरी येथे शवाची गोष्ट रंगवून सांगतात. लोकांनी झाडाजवळ येऊ नये म्हणून पांडवांनी तेथे एक प्रेत बांधले आणि ही आमची एकशेऐंशी वर्षांची माता, असे गुराख्यांना सांगितले. श्रोते हसतात आणि कथा पुढे जाते. परंतु त्याच अध्यायात व्यासांनी दोन बारीक गोष्टी नोंदविल्या आहेत, त्यांकडे लक्ष जात नाही. पहिली, शस्त्रे बांधण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. वर्षभर ताणलेली दोरी धनुष्याचा पीळ घालविते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. झाडावर नकुल चढला, आणि ज्या फांद्या दृढ आहेत व जेथे पावसाचे पाणी पोहोचत नाही अशा जागा निवडून त्याने शस्त्रे दोरांनी घट्ट बांधली. एक वर्ष म्हणजे एक संपूर्ण पावसाळा. तो पुढे आहे हे नकुलाने जाणले होते. पुढे उत्तराने झाडावर चढून वेष्टने सोडली तेव्हा ती शस्त्रे सूर्यासारखी झळकली, असे वर्णन येते. आपण ते अलंकार म्हणून ऐकतो. वस्तुतः नकुलाच्या निगेचे ते फळ होते, असे म्हणण्यास काय प्रत्यवाय आहे?

कौटिल्याने तर याचा नियमच घालून दिला. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाचे प्रकरण आहे. शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन व वारा द्यावा, आणि जी उष्णतेने, ओलीने किंवा किड्यांनी बिघडू लागली असतील ती निराळ्या रीतीने ठेवावीत, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. मराठ्यांच्या राजनीतीतही हीच दृष्टी दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दारूखाना कोठे व कसा असावा हे सांगून, हवालदाराने आठपंधरा दिवसांनी दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, अशी ताकीद आहे. वर्षातून एकदा नव्हे, आठपंधरा दिवसांनी!

'नीराजन' हा शब्दही येथे विचारात घ्यावा. आज नीरांजन म्हणजे तुपाची वात असलेले ताम्हणातील छोटे पात्र. परंतु प्राचीन काळी नीराजन हा आश्विनातील राजांचा विधी होता. घोडे, हत्ती आणि आयुधे यांचे ओवाळणे असे त्याचे स्वरूप. अर्थशास्त्रात अश्वांच्या नीराजनासाठी आश्विनातील नववा दिवस सांगितला आहे आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत या विधीला स्वतंत्र अध्याय आहे. या शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावतात. कोणी 'नीर' म्हणजे पाणी धरून जलप्रोक्षण असा अर्थ करतात. कोणी 'राज्' म्हणजे झळकणे या धातूवरून उजळणे असा. व्याकरणाचा वाद पंडितांनी खुशाल करावा. लोखंडापुरता विचारला तर दुसरा अर्थच कल्याणाचा आहे.

हा काळच असा का निवडला, हेही उघड आहे. चातुर्मासाचे पहिले तीन महिने मेघांचे. रामटेकच्या डोंगरावर आषाढात ढग टेकतात, तेव्हा मेघदूतातील रामगिरी तो हाच, हे महामहोपाध्याय मिराशींचे मत पटू लागते. नागपुरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग याच महिन्यांत. भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात, आणि लोखंड मुकाट्याने गंजू लागते. पाऊस ओसरला, वाटा वाळल्या, सीमोल्लंघनाची वेळ आली, की शस्त्रे बाहेर काढून पुसावयाची, त्यांना ऊन, तेल व धार द्यावयाची. खंडेनवमीच्या मुळाशी ही निगा आहे.

निर्णयसिंधूसारख्या धर्मग्रंथांत नवरात्रातील राजांच्या शस्त्रविधीला 'लोहाभिसारिक' कर्म म्हटले आहे. लोह नावाचा दानव होता, देवांनी त्याचे तुकडे केले, आणि तेच पृथ्वीवर लोखंड होऊन राहिले, अशी कथा तेथे येते. आपल्या विदर्भात लोणारला दुसरा असुर प्रसिद्ध आहे, लवणासुर. कीर्तनात या दोघांची गाठ घालण्याचा मोह आम्हांस आवरत नाही, कारण लोहासुराला देवांनी मारले असले तरी त्याला रोज खातो तो लवणासुरच. रसायनशास्त्र वेगळ्या शब्दांत हेच सांगते. लोखंड गंजण्यास प्राणवायू आणि पाणी ही दोन्ही लागतात. हवेतील दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आत असेल तर गंज जवळजवळ थांबतो; पासष्टच्या पुढे तो वेगाने वाढतो. आणि मीठ असेल तर मग कोरड्या हवेतही ते ओल ओढून घेते व गंजाचे काम चालू ठेवते. नारळाच्या पाण्यात क्षार आहेत. हाताच्या घामात मीठ आहे. पात्यावर उघडा हात फिरविणाऱ्या पाहुण्याच्या बोटांचे ठसे काही दिवसांनी तांबड्या रेषांत उमटतात. लिंबू, चिंच व दही ही आम्ले. ती गंज काढतात खरी, पण त्यासोबत निरोगी लोखंडही विरघळवितात, आणि नीट धुतली-पुसली गेली नाहीत तर नव्या गंजाला वाट करून देतात.

येथे कोणी दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण देतील. सोळाशे वर्षे तो उघड्यावर उभा आहे, त्यावर पाऊस पडत नाही काय? पडतो. त्या स्तंभावरील राजा चंद्र म्हणजे चंद्रगुप्त दुसरा, असे बहुतेक विद्वान मानतात, आणि त्याची कन्या प्रभावतीगुप्ता ही आपल्या वाकाटकांची राणी. रामटेकजवळचे नगरधन हे तिचे नंदिवर्धन. तेव्हा त्या लोखंडाचा अभिमान वैदर्भीयांनीही बाळगावा. परंतु कानपूरच्या आय.आय.टी.तील आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या स्तंभाचा सविस्तर अभ्यास केला आणि त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच असल्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असे दाखविले. आपल्या घरची तलवार त्या धातूची नाही. आपल्या भागात पारशिवनीजवळ नायकुंड येथे उत्खननात महापाषाणकालीन लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. आसपासच्या शिलावर्तुळांतून लोखंडी वस्तूही निघाल्या. अडीच हजार वर्षे मातीच्या ओलीत राहिलेल्या त्या वस्तूंवर गंजाची किती पुटे चढली आहेत, हे संग्रहालयात पाहिले म्हणजे स्तंभाचा दाखला कोणी देणार नाही.

मग पूजा कशी करावी?

श्रद्धाळू वाचकांचा हा प्रश्न रास्त आहे. उपचारांत न्यून राहिले तर दोष लागेल, ही भीती मनात असते. परंतु शास्त्र इतके अडाणी नाही. मातीच्या गणपतीवर आपण घागर ओततो काय? दूर्वेने किंवा फुलाने जलाचा थेंब दाखवितो आणि स्नान झाले असे मानतो. चित्राच्या किंवा रंगविलेल्या मूर्तीच्या पूजेत समोर आरसा धरून प्रतिबिंबाला स्नान घालण्याची रीत आहे. जो उपचार उपलब्ध नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, हे तर प्रत्येक भटजींना तोंडपाठ असते. तेव्हा पंचामृत व अभिषेक शेजारी ठेवलेल्या सुपारीवर अथवा कलशावर करावा. शस्त्रास कोरड्या अक्षता वाहाव्यात. गंध व हळदकुंकू लावावयाचे ते पात्याला नव्हे, म्यानाला किंवा पाटावर अंथरलेल्या वस्त्राला लावावे. फुले शस्त्राच्या पुढे ठेवावीत, अंगावर नव्हे. कोहळा किंवा लिंबू कापण्याचा कुळाचार असेल तर तो घरच्या कोयत्याने करावा. पूर्वजांच्या तलवारीचा केवळ स्पर्श पुरे. आणि तिनेच कापावयाचे असेल तर त्याच क्षणी पाते ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसून तेल लावावे. आरतीपर्यंत थांबू नये.

आता तेलाविषयी, कारण येथे फार गोंधळ आहे. आपल्याकडे घरात जे असेल ते, म्हणजे खोबरेल, शेंगदाण्याचे किंवा जवसाचे तेल लावतात. जवस हे विदर्भाचे पीक आणि त्याचे तेल लाकडाला उत्तम. भाल्याच्या दांड्याला अथवा बंदुकीच्या दस्त्याला ते अवश्य लावावे. परंतु ते वाळणारे तेल आहे, पात्यावर त्याचा पिवळा चिकट पापुद्रा बसतो. इतर खाद्यतेले कालांतराने खवट होतात, त्यांत आम्ल तयार होते आणि धूळ चिकटते. शिवणयंत्राला घालावयाचे पातळ खनिज तेल सर्वांत सोपे व निर्धोक. ते अगदी पातळ हाताने लावावे. तेल ओघळत असेल तर ते जास्त झाले. जपानात तलवारीची निगा ही स्वतंत्र विद्याच आहे. तेथे लवंगेचा अर्क घातलेले हलके तेल लावतात, ते वेळोवेळी पुसून नवे लावतात, आणि पाते साध्या, न रंगविलेल्या लाकडी म्यानात ठेवतात. आपले म्यान मात्र बहुधा लाकडावर मखमल किंवा कातडे चढविलेले असते. मखमल ओल धरते आणि कमावलेल्या कातड्यात आम्लाचा अंश असतो. म्हणून म्यान व तलवार पावसाळ्यात तरी वेगवेगळी ठेवावीत. खळ काढून धुतलेल्या मांजरपाटात पाते गुंडाळावे. वर्तमानपत्रात नव्हे (या मजकुराचा कागदही त्यास अपवाद नाही). कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेले नसावे.

गंज चढलेलाच असेल तर? तांबडा, बोटाला लागणारा भुगा हा जिवंत गंज, तो काढावा. काळसर, गुळगुळीत, जुना थर हा बसलेला गंज. त्याला हात लावू नये, तो आता पात्याचे रक्षणच करीत असतो. तांबड्या गंजावर खनिज तेल लावून एक दिवस मुरू द्यावे आणि मऊ फडक्याने, अडल्या ठिकाणी बांबूच्या काडीने हलकेच काढावे. वीट, राख, पॉलिश कागद ही हत्यारे येथे नकोत. धार लावणाऱ्याच्या चाकावर तर जुनी तलवार कदापि देऊ नये. लोहार तापलेले पाते बुडवितो त्याला आपण 'पाणी पाजणे' म्हणतो, संस्कृतातही शब्द 'पान' हाच. बृहत्संहितेच्या खड्गलक्षणात घोडीच्या, उंटिणीच्या आणि हत्तिणीच्या दुधाचेही पान सांगितले आहे. ते पाणी, तो कस, चाकाच्या उष्णतेने उतरतो, आणि उंची पोलादावरील जौहराची लहर घासण्याने पुसली जाते. मुठीविषयीही एक सावधगिरी हवी. आपल्याकडील तलवारीची मूठ पात्याच्या शेपटीवर बहुधा लाखेने बसविलेली असते. ऊन द्यावे म्हणून नागपूरच्या वैशाखातील उन्हात तलवार तासन्‌तास ठेवली, किंवा मुठीवर कढत पाणी ओतले, तर लाख मऊ होऊन मूठ डगमगू लागते. कौटिल्याने ऊन सांगितले ते खरे, पण उष्णतेने बिघडणारी वस्तू निराळी ठेवावी हेही त्यानेच सांगितले.

या निगेचे मोल काय, ते २०२५ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनमधील लिलावात आली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळविली. ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती परदेशी गेली असावी, असा तर्क आहे. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, मुठीवर सोन्याचे नक्षीकाम, आणि पाठीवर देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव व 'सेनासाहेबसुभा' हा किताब. ती कोणाची हे त्या अक्षरांनीच सांगितले. लोखंडावर बारीक खरखरीत रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवितात, असे हे काम. खालचे लोखंड गंजले की सोने पापुद्र्यासारखे उचलले जाते. चिंचराखेच्या घासण्यात तर ते पाण्याबरोबर वाहून जाते. ती तलवार इतकी वर्षे एखाद्या घरात दर नवमीला घासली गेली असती, तर आज ती कोणाची हे सांगण्यास काय उरले असते?

बंदुकीविषयी थोडे

विदर्भातील शेतकरी घरांतून पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते आणि नवमीला तीही पाटावर येते. परवानाधारकाने स्वतः ती रिकामी आहे याची खात्री करून मगच मांडावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलुपात. नळीत गंधाचा, फुलाचा, दोऱ्याचा अंशही जाता कामा नये, कारण अडथळा असलेली नळी बार उडविताना फुटू शकते. नळीवरील निळसर-काळा थर हा मुद्दाम चढविलेला लोखंडाचाच एक प्रकारचा गंज असतो, आणि तो गंजाला थोपवितो; लिंबाने तो क्षणात उडतो. ठासणीच्या जुन्या बंदुकीची गोष्ट उलटी आहे. गंधक, सोरा व कोळसा यांच्या दारूची काजळी हवेतील ओल शोषते, आणि ती तेलाने निघत नाही, गरम पाण्यानेच निघते. म्हणून तेथे आधी कढत पाणी, मग गजाला गुंडाळलेल्या कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत, आणि शेवटी तेल. पूजेच्या आनंदात हवेत बार काढण्याची हौस मात्र कोणी करू नये. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. माणसे दगावली, हजारो घरांत चिखल झाला. बरोबर एका महिन्याने, २३ ऑक्टोबरला, खंडेनवमी होती. त्या महिन्यात पुरात भिजलेल्या तलवारी घेऊन दोघेतिघे सल्ल्यास आले. अशा वेळी करावयाचे ते असे. पुराच्या पाण्यात गटाराचे क्षार असतात, म्हणून पाते आधी स्वच्छ पाण्याने धुवावे. होय, येथे पाणीच हवे. मग लगेच पुसून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात वाळवावे आणि तेल द्यावे. बंदूक भिजली असेल तर ती उडवून पाहू नये, परवानाधारक कारागिराकडे न्यावी. भिजलेली काडतुसे उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नयेत, पोलीस ठाण्यास कळवावे. आणि पाते म्यानात अडकले असेल तर ओढाओढ करू नये. फुगलेले लाकूड आठपंधरा दिवस सावलीत सावकाश वाळू द्यावे, ते आकसले की पाते सुटते. त्या तिघांपैकी एकाची तलवार नवमीपर्यंत सुटली नव्हती. तिची पूजा त्यांनी म्यानासकट, कोरड्या अक्षतांनी केली; ती सुटली कोजागिरीच्या आदल्या दिवशी.